एक मंडळी, दोन दफ्तरे

मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात ‘मंडळी’ म्हणजे माणसे, ‘देऊळ’ म्हणजे ती माणसे रविवारी जमतात ती वास्तू आणि ‘ट्रस्ट’ म्हणजे त्या वास्तूखालची जमीन जिच्या नावावर आहे ती संस्था. शेजारशेजारच्या दोन मंडळ्या एक व्हायच्या तर या तिन्ही गोष्टी एक व्हाव्या लागतात, आणि तिन्हींची चाल वेगळी असते. माणसे एका नाताळात एकत्र येतात. देवळांचे ठरायला काही वर्षे जातात. ट्रस्टचे काम मात्र कधी कधी ठराव मांडणाऱ्यांच्या हयातीत संपत नाही. एकीकरणावरून होणारे बहुतेक वाद ही तीन कामे एकच समजल्याने होतात.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात हे जवळून पाहता येते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे दिले. हे लोक काँग्रिगेशनल परंपरेचे. त्यांच्यात बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते आणि आपला पाळक आपण निवडते. १८७० च्या दशकात इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची एस.पी.जी. ही संस्था त्याच जिल्ह्यात काम करू लागली. एका मिशनने दुसऱ्याच्या मुलखात शिरू नये असा तेव्हा संकेत होता, त्यामुळे अमेरिकनांना हे रुचले नाही आणि दोघांत बरीच कुरबुर झाली. परिणाम असा, की एकाच भागातली, बहुतांशी महार आणि काही मांग समाजातून आलेली माणसे दोन मंडळ्यांत विभागली गेली. धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळून कोणी निवड केली नव्हती. वस्तीजवळ शाळा कोणाची निघाली, मास्तर कोणाचा आला, यावर घराणी ‘अमेरिकन’ किंवा ‘एस.पी.जी.’ झाली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. अँग्लिकन त्यात होते, आणि काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन लोकांचे १९२४ साली बनलेले संयुक्त चर्चही होते. शिवाय बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. त्या दिवसापासून ‘अमेरिकन’ आणि ‘एस.पी.जी.’ या दोन्ही मंडळ्या एकाच चर्चच्या झाल्या. गावोगावी मात्र दोन घंटा वाजतच राहिल्या. स्कॉटलंडमध्येही हेच घडले होते. तिथल्या दोन मोठ्या चर्चांचे १९२९ मध्ये ऐक्य झाले, पण एकाच गावातल्या दोन देवळांच्या मंडळ्या एक व्हायला पुढची कित्येक दशके लागली.

खालील संवादातील दोन पात्रे प्रातिनिधिक आहेत. पाळक दोन्ही मंडळ्यांची सेवा पाहतात आणि त्या एक व्हाव्यात असे त्यांना वाटते. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, एस.पी.जी. परंपरेच्या लहान मंडळीच्या खजिनदार. त्यांना घाई मान्य नाही.

पाळक : बाई, सकाळी साडेआठला तुमच्याकडे उपासना घेतो आणि साडेदहाला पलीकडे. मधले अंतर चालत सात मिनिटांचे. उपदेश तोच, शास्त्रपाठ तेच, ‘उपासना संगीता’तली गीतेसुद्धा तीच. या दोन मंडळ्या कशासाठी आहेत असे कोणी विचारले, तर उत्तर काय देऊ?

बाई : विचारणाऱ्याला उत्तर सुचत नाही म्हणून घरातली भिंत पाडायची का, पाळकसाहेब? आमच्याकडे साठ माणसे येतात. साठांत प्रत्येकाला काम असते. कोणी घंटा वाजवतो, कोणी वेदीवरचे कापड धुतो, कोणी पाठ वाचतो. पलीकडच्या अडीचशांत गेलो की आमचे साठ जण शेवटच्या बाकांवर बसणार आणि वर्षभरात त्यातले वीस यायचे बंद होणार.

पाळक : साठातले चाळीस जण पन्नाशीच्या पुढचे आहेत. तुमची रविवारची शाळा सात मुलांवर आली आहे. दहा वर्षांनी घंटा कोण वाजवणार?

बाई : तो प्रश्न खरा आहे. पण माणसे कमी झाली म्हणून एक व्हायचे असेल तर तसे स्पष्ट म्हणा. त्याला प्रभूची इच्छा वगैरे म्हणू नका.

बाईंच्या या टोल्यात तथ्य आहे. स्थानिक एकीकरणे बरीचशी गरजेपोटी होतात. देवळाचे छप्पर गळते, पाळकाचा पगार निघत नाही, तरुण पुण्या-मुंबईला जातात. ऐक्याची चळवळ मात्र निव्वळ गरजेतून जन्मली नव्हती. १९१९ मध्ये तमिळनाडूतील तरंगमबाडी येथे जमलेल्या धर्मसेवकांनी, ज्यांत व्ही. एस. अझारिया हे पुढारी होते, एक निवेदन काढले. भारतीय ख्रिस्ती लोकांतले भेद त्यांनी स्वतः निर्माण केलेले नाहीत, ते बाहेरून त्यांच्यावर आले आहेत, असा त्याचा आशय होता. इंग्लंडमध्ये सोळाव्या आणि सतराव्या शतकात बिशपांवरून जे भांडण झाले त्याचा नेवाशाच्या किंवा राहुरीच्या शेतमजुराशी काहीही संबंध नव्हता, पण त्याच्या वाट्याला त्या भांडणाचा एक पक्ष आला. मराठीत हीच अस्वस्थता नारायण वामन टिळकांनी आणखी पुढे नेली. अमेरिकन मराठी मिशनशी दीर्घकाळ संबंध असलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची कल्पना होती. मिशनच्या कुंपणांचे त्यांना काय वाटत होते ते यावरून दिसते. १९१९ मध्येच ते वारले आणि दरबार फार वाढला नाही.

पाळक : टिळकांची गीते तुमच्याकडेही गातात आणि पलीकडेही. तेवढे तरी एक आहे.

बाई : गाण्याचा वाद कधी नव्हताच. पेटी आणि टाळ दोन्हीकडे आहेत. वाद आहे प्रभुभोजनाचा. आम्ही वेदीपुढे गुडघे टेकतो आणि एका प्याल्यातून घेतो. पलीकडे बाकांवर बसल्या जागी लहान लहान पेले फिरतात. माझ्या आजीने मरताना त्या चांदीच्या प्याल्याला ओठ लावले होते. तो प्याला कपाटात ठेवायचा का?

पाळक : ठेवायचा नाही. महिन्यातल्या एका रविवारी तुमची रीत, एका रविवारी त्यांची.

बाई : आणि पाच वर्षांनी नवीन पाळक आला, त्याला एका प्याल्याची किळस वाटली, तर?

प्याला, गुडघे आणि पेले या गोष्टी बाहेरच्याला किरकोळ वाटतात, पण परंपरांचा भेद सामान्य माणसाला इथेच दिसतो. अँग्लिकन रीतीत छापील प्रार्थनापुस्तकाप्रमाणे उपासना चालते आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना पुढे बिशप हात ठेवून दृढीकरण देतो. काँग्रिगेशनल रीतीत पाळक आपल्या शब्दांत प्रार्थना करतो आणि मंडळीचे सभासदत्व मंडळीच ठरवते. बाप्तिस्म्यावरून मात्र या दोघांत भांडण नाही. दोघेही बालकांचा बाप्तिस्मा करतात. बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स फक्त कळत्या वयातल्या विश्वासूंचा बाप्तिस्मा मानत असल्याने चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला दोन्ही रीती समान दर्जाने मान्य कराव्या लागल्या.

खरे अवघड होते ते बिशप. अँग्लिकनांच्या मते बिशपाचे पद प्रेषितांपासून अखंड चालत आलेले आहे, आणि ज्याच्या डोक्यावर बिशपाने हात ठेवला नाही त्याने प्रभुभोजन चालवणे योग्य नाही. काँग्रिगेशनल पाळकाला हे ऐकून आपली उभी हयात खोटी ठरवली असे वाटणे साहजिक होते. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले तेव्हा यावर एक तोड काढली गेली. जुने पाळक जसे आहेत तसे स्वीकारायचे, यापुढची सर्व दीक्षा बिशपांनी द्यायची, आणि तीस वर्षांच्या काळात फरक आपोआप मिटू द्यायचा. शिवाय कोणत्याही मंडळीवर तिच्या विवेकाविरुद्ध अपरिचित उपासना किंवा सेवक लादणार नाही अशी हमी देण्यात आली. उत्तरेत दुसरा मार्ग धरला. नागपूरला सर्व परंपरांच्या सेवकांनी परस्परांवर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाच्या सेवेत काय उणे आहे ते न ठरवता, जे उणे असेल ते देवाने भरून काढावे असा त्या विधीचा भाव होता. ज्याला कोड्याचे उत्तर हवे होते त्याला हे पळवाटेसारखे वाटले. पण चार दशकांच्या वाटाघाटी (पहिली बैठक १९२९ मध्ये लखनौला झाली होती) अशा एखाद्या वाक्याशिवाय संपत नाहीत.

बाई : दक्षिणेतल्या त्या हमीबद्दल मी वाचले आहे. मला इथे तेवढेच हवे. लेखी. आमची उपासना, आमचा प्याला, आमची गुड फ्रायडेची तीन तासांची प्रार्थना आम्ही म्हणेपर्यंत बंद होणार नाही.

पाळक : मग ते एकीकरण कसले? एका छपराखाली दोन मंडळ्या राहतील.

बाई : सासरी आलेल्या मुलीला माहेरचे लोणचे घालू देत नाहीत, असे घर तुम्हाला चालेल?

पाळक : लग्नाचे म्हणता तर हे पाहा. तुमच्या मंडळीतल्या निम्म्या सुना पलीकडच्या आहेत आणि तुमच्या मुली तिकडे दिल्या आहेत. सोयरीक दोन पिढ्यांपूर्वीच झाली. ठराव आता येतोय.

बाई : सगळ्यांची सोयरीक झालेली नाही, पाळकसाहेब. खालच्या आळीतल्या चार घरांना अजून कोणी मुलगी दिलेली नाही. ती घरे कोणत्या समाजातून आली हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. आमच्याकडे ती पहिल्या बाकावर बसतात. पलीकडे गेल्यावर कुठे बसतील ते मला आधी पाहायचे आहे.

पाळक : यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

पाळकांची ही कबुली महत्त्वाची आहे. एकीकरणाच्या योजनांत बिशप, बाप्तिस्मा आणि घटना यांवर पानेच्या पाने असतात. जातीवर फारच थोडे असते, कारण मंडळीत जात नाही हे तत्त्व दोन्ही बाजूंना मान्य असते. प्रत्यक्षात मिशनचा भेद आणि आळीचा भेद काही ठिकाणी एकमेकांवर बसलेला असतो, आणि मिशनचा भेद काढला की दुसरा उघडा पडतो. पंचांच्या निवडणुकीत, दफनभूमीत जागा देताना आणि कापणीच्या सणात पहिला लिलाव कोणाच्या धान्याचा, अशा बारीकसारीक ठिकाणी तो दिसतो. अशा लहान गटाला कमिटीत ठरावीक जागा देणे आणि दर वर्षी हिशेब व हजेरी दोन्ही तपासणे एवढे तरी करता येते. ते करणाऱ्या मंडळ्यांना ठरावाच्या वेळी मते मिळवणे सोपे जाते.

यानंतर येतो ट्रस्ट. इथे धर्मशास्त्र संपते आणि कचेरी सुरू होते.

पाळक : दोन्ही कमिट्यांनी ठराव केला, सभासदांनी हात वर केले, बिशपसाहेबांनी मान्यता दिली. अजून काय राहते?

बाई : जागा राहते. आमचे देऊळ धर्मप्रांताच्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर. पलीकडचे देऊळ जुन्या मिशनच्या ट्रस्टच्या नावावर. तुमच्या ठरावाने सातबाऱ्यावरचे एक अक्षरही हलत नाही. मी खजिनदार आहे, मला विचारा.

बाईंचे म्हणणे कायद्याला धरून आहे, आणि याचा सर्वांत ठळक दाखला महाराष्ट्राला लागून असलेल्या गुजरातमधला आहे. ब्रेदरन चर्च १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले. तसा ठराव झाला होता. पुढे काही सभासदांनी आपण जुने ब्रेदरनच आहोत असे म्हणत देवळांवर आणि जमिनींवर हक्क सांगितला. दावे चालत राहिले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक ट्रस्टच्या मालमत्तेचा हा प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या अधिकारात येत नाही. तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय यंत्रणेकडे जायला हवा. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने मूळ मुद्दा निकालात काढला. चर्चच्या ठरावाने ट्रस्ट विसर्जित होत नाही आणि मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. त्यासाठी कायद्यातली प्रक्रिया पार पाडावी लागते, आणि ती पार पाडली गेली नव्हती. नागपूरच्या समारंभानंतर त्रेचाळीस वर्षांनी हा निकाल आला. ठराव मांडणाऱ्यांपैकी किती जण तोवर हयात होते याचा विचार करावा.

हीच चूक स्कॉटलंडने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवली होती. १९०० मध्ये तिथल्या फ्री चर्चने दुसऱ्या एका चर्चशी ऐक्य केले. मूठभर पाळक आणि त्यांच्या मंडळ्या बाहेर राहिल्या आणि खरे फ्री चर्च आम्हीच असे म्हणत कोर्टात गेल्या. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि देवळे, कॉलेजे, निधी सारे काही त्या अल्पसंख्याकांचे ठरले. एवढी मालमत्ता सांभाळायला त्यांच्याकडे माणसेच नव्हती. शेवटी १९०५ मध्ये संसदेला खास कायदा करून वाटणी करावी लागली. मुंबई, पुणे आणि नागपूर इथे याच फ्री चर्चची मिशने होती.

पाळक : म्हणजे जे बाहेर राहतात त्यांचे पारडे जड?

बाई : कागद ज्याच्याकडे त्याचे पारडे जड. आणि बाहेर राहणारे नेहमी असतातच. कॅनडात १९२५ मध्ये मोठे ऐक्य झाले तेव्हा एक-तृतीयांश प्रेस्बिटेरियन आले नाहीत. आपल्याकडे अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट १९७० मध्ये ऐन वेळी मागे फिरले. योजनेत त्यांचे नाव छापले होते.

पाळक : मग आधी कागद, मग ऐक्य?

बाई : मी तसे म्हणत नाही. दोन्ही बरोबर चालू द्या. आणि कागदाचे काम झाल्याशिवाय आमच्या देवळाला कुलूप लावू नका. बंद देवळाची जागा शहरात फार दिवस मोकळी राहत नाही.

प्रक्रिया अशी असते. मंडळीची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर विलीनीकरणाचा प्रस्ताव दहा दिवस आधी सभासदांना लेखी द्यावा लागतो. पहिल्या विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत उपस्थितांच्या तीन-पंचमांश मतांनी ते पुन्हा कायम करावे लागते. ट्रस्टच्या बाबतीत धर्मादाय आयुक्त १९५० च्या अधिनियमाच्या कलम ५०-अ खाली दोन ट्रस्टांची एक सामाईक योजना तयार करू शकतात. त्याआधी विश्वस्तांचे म्हणणे ऐकले जाते. विश्वस्तांत किंवा मालमत्तेत बदल झाला की कलम २२ खाली बदल-अहवाल द्यावा लागतो, आणि जागा विकायची असेल तर कलम ३६ खाली आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ज्या मंडळ्यांची जमीन स्वतःच्या नावावर नाही, आणि मिशनच्या काळातल्या बहुतेकांची नसते, त्यांना सगळ्यात आधी मूळ ट्रस्ट कोणता हे शोधावे लागते. महसूल दफ्तरात पाऊणशे वर्षांपूर्वी परत गेलेल्या एखाद्या मिशनऱ्याचे नाव अजून उभे असल्याचे तेव्हा आढळते.

पाळक : बाई, एवढे सगळे होईपर्यंत लोक दमतील.

बाई : दमतील. म्हणून आत्ता जे जमते ते सुरू करा. पहिल्या रविवारी एकत्र उपासना, एकदा इकडे, एकदा तिकडे. महिला मंडळ एक करा, ते मी उद्या करते. रविवारची शाळा एक करा. आमची सात मुले तिकडे जातील तर जाऊ द्या.

पाळक : आणि नाव?

बाई : नाव शेवटी. आधी नाव ठरवलेत तर त्यावरच वर्ष जाईल.

स्थानिक एकीकरणात बाईंनी सांगितलेला क्रम बहुधा टिकतो, म्हणजे आधी मुले आणि स्त्रिया, मग उपासना, मग कमिट्या, आणि सर्वांत शेवटी नाव. मुलांना जुन्या मिशनची ओळखच नसते. कमिट्या एक करताना दोन्हीकडचे पंच काही काळ सारख्या संख्येने ठेवले जातात. मोठ्या मंडळीला हे अन्यायाचे वाटते, पण लहान मंडळीला विश्वास वाटण्याइतपत वेळ त्याने मिळतो. रिकाम्या झालेल्या देवळाचे काय करायचे, यावर सहसा तीन सूचना येतात. वाचनालय करा, भाड्याने द्या, विका. विकण्याच्या सूचनेला परवानगीची अडचण येते, भाड्याच्या सूचनेला नैतिक, आणि वाचनालयाला वाचकांची. एका वेळी एकच देऊळ वापरून दुसऱ्यात वर्षातून ठरावीक उपासना ठेवणे, हा मार्ग खर्चाचा असूनही बरेच दिवस चालवला जातो.

नोंदवह्यांचे काम मात्र चटकन आणि नीट व्हायला हवे. मंडळीच्या बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांच्या वह्या हा केवळ धार्मिक ऐवज नाही. शाळेतले नाव, वारसा, जन्मतारीख यांसाठी जुन्या बाप्तिस्मा-नोंदीचा उतारा लोक आजही मागायला येतात, आणि विवाहाची नोंद १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याशी जोडलेली असते. दोन्ही मंडळ्यांच्या वह्यांचे शेवटचे पान तारीख घालून सहीने बंद केले जाते आणि नवी वही पहिल्या क्रमांकापासून सुरू होते. जुन्या वह्या एका कपाटात ठेवल्या तरी एकत्र शिवल्या जात नाहीत.

पाळक : दफनभूमीचे राहिलेच. दोन्हींच्या मध्ये कुंपण आहे.

बाई : काटेरी तारेचे. आमचे यजमान अलीकडे आहेत आणि त्यांचे थोरले भाऊ पलीकडे, कारण ते लग्नानंतर अमेरिकन मिशनच्या शाळेत मास्तर झाले. कबरींना नंबर दोन्हीकडे एकपासून आहेत. तार काढली की दोन एक नंबर होतील.

पाळक : मग तार काढायची, की नंबर बदलायचे?

बाई : नंबर वहीत आहेत, ते बदलायचे नाहीत. तार काढा. अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, एवढे लिहून ठेवू.